दारावरची आत-बाहेर पाटी : दहा महिने वापरून झाल्यावर

तर पोरगी खोलीत आहे का बाहेर ते पट्टी सरकवून दाखवायची पाटी होस्टेलात लावून आता दहा महिने झाले, जूनमध्ये लावली होती आणि आता एप्रिल चालूय, म्हणजे एक पावसाळा, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा काढलाय तिनं, आता लिहायला हरकत नाही. लातूरमध्ये होस्टेल चालवणाऱ्या बायका सारख्या फोन करून विचारायलेत की काकू ती पाटी कुठं केली, किती पडले, पोरी खरंच सरकवतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझं थोडक्यात. अंबाजोगाई रोडच्या बाजूला घर आहे, खाली आम्ही राहतो, वर दोन मजले मुलींचं होस्टेल, १२ खोल्या, खोलीत ३ जणी, अशा ३६. सगळ्या अकरावी-बारावीच्या नाहीतर नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) रिपीटर, अहमदपूर, उदगीर, निलंगा, गंगाखेड, परळी, दोघी तर पार देगलूरकडच्या. लातूरला कशाला येतात ते सांगायची गरज नाही. मेस मीच बघते, सकाळी सुशीला (चुरमुऱ्याचा नाश्ता) नाहीतर पोहे, दोन वेळचं जेवण, आणि दिवसभर एकच प्रश्न, अमकी कुठंय. आईचा फोन, बापाचा फोन, क्लासवाल्याचा फोन, पोरगी लायब्ररीत फोन सायलेंट करून बसलेली असती आणि इकडं माझा जीव खायलेत.

याच्या आधी अंगठ्याचं मशीन होतं. वर्षभर वापरलं. मशीन फार वाईट होतं असं मी म्हणणार नाही, पण पावसात बोट ओलं असलं की घ्यायचं नाही, गौरीच्या दिवसांत मेंदी लावली की घ्यायचं नाही, लाईट गेली की आल्यावर त्याला परत जागं करायला कंपनीच्या पोराला फोन लावा आणि तो म्हणणार मॅडम तिकीट रेज करा. एका रात्री साडेनऊला अहमदपूरहून एका वडिलांचा फोन, मला मेसेज आलाय मुलगी सहाला बाहेर गेली ती परत आलीच नाही, आणि ती पोरगी माझ्यासमोर मांडी घालून वरण-भात खायलीय. मी फोन तिच्या हातात दिला. तिचा आवाज ऐकूनही ते म्हणतात, अगं पण मग मेसेज कसा आला?

त्या दिवशी मशीनवरून माझं मन उडालं. पुढं दिवाळीला माझा थोरला दादा आणि त्याचा पोरगा आलते. दादा सुभेदार म्हणून रिटायर झालाय, शेवटी शेवटी डेहराडूनला ड्रिल उस्ताद होता, आणि पोरगा संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये, म्हणजे ती १९७७ सालची सरकारी संस्था, एनडीएसाठी दहावीनंतर पोरं निवडून तयार करतात ती. या पोराला जगातल्या सगळ्या मिलिटरी अकॅडम्यांची माहिती पाठ. मी मशीनचं रडगाणं गायले तर तो म्हणाला, आत्या, वेस्ट पॉइंटला हे काम एका कार्डावर चालायचं.

वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकेची मिलिटरी अकॅडमी, १८०२ सालची, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावर. आयझेनहॉवर, मॅकार्थर हे जनरल सगळे तिथलेच. तर तिथं काय, कॅडेटच्या खोलीत एक कार्ड लावलेलं, कॅडेट खोलीतून निघाला की त्यावर स्वतः खूण करणार की मी परवानगीच्या जागी चाललोय. बस. दाराशी कुणी अंगठा घेत नाही. पण ती खूण म्हणजे सही. तपासणारा अधिकारी आला, खोली रिकामी, कार्डावर खूण आहे, तर त्यानं ती खरी धरायची आणि पुढं जायचं. त्याच्याही आधी तोंडीच चालायचं म्हणे, तपासणारा दारावर येऊन विचारणार ‘ऑल राइट?’, आतला म्हणणार ‘ऑल राइट, सर’, म्हणजे या खोलीतले सगळे जिथं असायला पायजेत तिथंच आहेत, तेवढा शब्द पुरा. आणि खूण खोटी निघाली तर? तर बिनपरवानगी फिरल्याची शिक्षा वेगळी, ती डिमेरिट (म्हणजे बेशिस्तीचे उणे गुण) आणि खांद्यावर रायफल घेऊन तासन् तास अंगणात येरझाऱ्या. पण खोटी खूण केली म्हणजे खोटं बोलला, आणि ते ऑनर कोडखाली जातं, त्यात थेट घरी जायची पाळी येते. त्यांचा कोड एका ओळीचा आहे, कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवून घेणार नाही. हे शेवटचं खपवून घ्यायचं नाही वालं शेपूट कोडात लेखी १९७० ला आलं.

दादा हसला. म्हणाला, अगं बाई, ही इमानपट्टी कागदावर बरी, तुला ३६ पोरी सांभाळायच्यात, गिनती कर गिनती, संध्याकाळी फॉल इन आणि एक दोन तीन. आमच्याकडं शब्द पण चालतो आणि गिनती पण होते, आणि गिनती चुकली तर शब्द कुणी विचारत नाही.

इमानपट्टी हे नाव त्याचंच. चेष्टेत ठेवलं आणि चिकटलं, पोरी पण तेच म्हणतात.

मला मात्र ती गोष्ट डोक्यातून जाईना, आणि त्याचं कारण शिस्तबिस्त नव्हतं. आमचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या गावात भिंतींना भेगा पडल्या तेवढंच, पण किल्लारी-सास्तूरकडं काय झालं ते सगळ्यांना माहितीय, जवळपास दहा हजार माणसं गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन, त्यामुळं कोण मिरवणुकीतून उशिरा आलेलं, कोण पाव्हणा म्हणून थांबलेलं, कोण शेतात झोपायला गेलेलं. आमचे वडील गावातल्या चार-पाच जणांबरोबर उकरायला गेलते, ते आल्यावर कितीतरी वर्षं एकच सांगायचे, की दगडमातीच्या ढिगापाशी उभं राहून विचारायचं, घरात किती जण होते, आणि बाहेर वाचलेल्या माणसाला ते सांगताच यायचं नाही. चार म्हणायचा, मग म्हणायचा नाही पाच, मग म्हणायचा थोरला शेतात होता काय की. जो शेतात होता त्याच्यासाठी पण उकरत बसायचे लोक.

म्हणून मला पाटी पायजे होती. आता पाटीवर येते.

पहिल्यांदा ऑनलाइन मागवली. २४९ रुपयाला एक, ट्रायलला ४ घेतल्या. प्लॅस्टिकची, मधी सरकपट्टी, एकीकडं हिरवं एकीकडं लाल. एक स्टार, तो पण डिलिव्हरी वेळेत झाली म्हणून. मागं डबल टेप दिलेली, ती आमच्या ऑइलपेंटच्या दाराला आठ दिवस टिकली. दार आपटलं की पट्टी आपोआप हिरव्यावरून लालवर, म्हणजे पोरगी आत झोपलीय आणि पाटी म्हणते बाहेर. आणि मुख्य म्हणजे एका पाटीवर एकच पट्टी, खोलीत तिघी. तिन्हींचं मिळून एक उत्तर कसं देणार?

मग गंजगोलाईच्या बाजूला एक रेडियमवाला आहे, नंबरप्लेटा, दुकानाच्या पाट्या, गाडीच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ असली कामं करणारा, त्याच्याकडं गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, खाली काही तक्रारी पण लिहिल्यात आणि माणूस भला आहे. त्याला आधी वाटलं डॉक्टरची पाटी पायजे, डॉक्टर आत आहेत, डॉक्टर बाहेर आहेत. मी वहीच्या कागदावर काढून दाखवलं. आडव्या तीन खाचा, तिघींच्या तीन पट्ट्या, आणि वरून उभे पाच रकाने : आत, खाली, क्लास, बाहेर, गावी. ‘खाली’ म्हणजे मेसमध्ये किंवा आमच्या टीव्हीच्या खोलीत. ‘बाहेर’ म्हणजे गेटवरच्या वहीत सही करून बाहेर. वही मी बंद केलेली नाही, गेटवरचा कॅमेरा पण आहे, हे आधीच सांगते, नाहीतर कुणाला वाटेल मी सगळं रामभरोसे सोडलंय.

त्यानं ते मनावर घेतलं. मागं पांढरं ॲक्रेलिक, पुढं पारदर्शक, मधल्या खाचेतून पट्टी सरकते, अक्षरं रेडियमची पण आतल्या बाजूनं चिकटवलेली म्हणजे नखानं खरवडता येत नाहीत (पोरी काहीही खरवडतात). पट्टीवर नाव कोरलेलं नाही, बारकी खिडकी ठेवलीय, त्यात कागदावर नाव लिहून सरकवायचं, दरवर्षी पोरी बदलतात तर पाटी तीच राहते. ही अक्कल त्याचीच, मी सांगितलं नव्हतं. एका पाटीचे ४८० घेतले, १२ पाट्यांचे ५७६०, गिट्टी-स्क्रू आणि बसवायचं वेगळं. दारावर नाही बसवल्या, दाराच्या शेजारी भिंतीवर बसवल्या, आपटाआपटीचा प्रश्नच संपला. ऑनलाइनवाल्या चारपैकी दोन आमच्या घरातल्या बाथरूमला लावल्यात, तिथं चालतात.

आता वापर. जूनमध्ये ॲडमिशन झाल्यावर सगळ्यांना खाली बसवून सांगितलं. आपली पट्टी आपणच सरकवायची, मैत्रिणीची नाही, ‘ए माझी क्लासवर कर गं’ हे चालणार नाही. पट्टी जिथं आहे तिथं तुम्ही आहात असं मी तुमच्या आईला फोनवर सांगणार, म्हणजे तुमचा शब्द मी माझा म्हणून देणार. आणि मी खोलीत डोकावून खात्री करणार नाही. हे शेवटचं ऐकून दोघीतिघी एकमेकींकडं बघून हसल्या ते मला दिसलं.

पहिला महिना मस्त गेला. नवीन खेळणं असतं ना, तसं. पोरी पाण्याची बाटली भरायला खाली आल्या तरी पट्टी सरकवायच्या.

जुलैमध्ये पहिला खडा लागला. एका पोरीची पट्टी ‘क्लास’वर, आणि माझ्या मिस्टरांना ती शिवाजी चौकात मैत्रिणींबरोबर निलंगा राईस खाताना दिसली. संध्याकाळी विचारलं तर म्हणते, काकू मी क्लासलाच गेलते, सरांनी सोडलं लवकर, मग परत येऊन पट्टी कशी बदलणार, मी तर क्लासवरच होते ना. ऐकायला बरोबर. पण सरांनी सोडलं चारला आणि ही आली साडेसातला, आणि निघतानाच तिला माहीत होतं की आज टेस्ट नाही नुसती पेपरवाटप आहे. म्हणजे शब्दानं खरं आणि मतलबानं खोटं, धर्मराजाचं नरो वा कुंजरो वा. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला वेस्ट पॉइंटला याला वेगळा शब्दच आहे, आणि ते पण खोटं बोलण्यातच धरतात, समोरच्याचा गैरसमज व्हावा म्हणून अर्धं खरं सांगणं. मी त्या पोरीला रथ जमिनीला टेकल्याची गोष्ट सांगितली. तिला माहीत होती. मान खाली घातली, आणि एवढंच म्हणाली, काकू मग ‘बाहेर’ लावलं असतं तर तुम्ही विचारलं असतं ना कुठं चाललीस. तेव्हा मला त्याचं उत्तर सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये मी स्वतः घाण केली. आठनंतर बाहेर जायचं नाही हा आमचा नियम. एका पोरीनं सव्वाआठला पट्टी ‘बाहेर’ केली, वहीत सही नाही, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन आली. जायचं कारण बायकांना सांगायला नको. मी वर गेले, पट्टी बघितली, वही बघितली, आणि ती आल्यावर सगळ्यांसमोर ५० रुपये दंड. नियम म्हणजे नियम. आता बघा हं, ती बिनसहीची गेली हे मला कळलं कशावरून, तर तिच्याच पट्टीवरून. तिनं खरं लावलं म्हणून ती सापडली. ‘आत’ लावून गेली असती तर मला पत्ता लागला नसता.

पोरी काही मूर्ख नाहीत, त्यांना हे माझ्याआधी कळलं. आठवडाभरात वरच्या दोन्ही मजल्यांवर बघावं तेव्हा सगळ्या पट्ट्या ‘आत’. ३६ च्या ३६. आणि एका रात्री मेसमध्ये ताटं मोजली तर २९. सात जणी कुठंयत ते पाटीला माहीत नाही, मला माहीत नाही, ५७६० रुपये भिंतीवर लटकलेत. त्या रात्री मला झोप नाही आली, सातही जणी नऊपर्यंत आल्या ती गोष्ट वेगळी, वाढदिवस होता कुणाचा तरी.

दादाला फोन केला तर तो जे म्हणणार तेच म्हणाला, गिनती. भाचा फोन घेऊन बाजूला गेला आणि त्यानं मला १९७६ चं सांगितलं. वेस्ट पॉइंटला त्या वर्षी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या घरी सोडवायच्या पेपरात कॉपी सापडली, दीडशेच्या वर कॅडेट बाहेर गेले. एवढी पोरं एकदम खोटारडी कशी निघाली म्हणून चौकशीला कमिशन नेमलं, त्याचा प्रमुख फ्रँक बोरमन, जो १९६८ ला अपोलो ८ मधून चंद्राला चक्कर मारून आला तो, आणि तो स्वतः वेस्ट पॉइंटचाच. त्यानं पोरांची बाजू घेतली नाही, पण संस्थेचे पण कान धरले. इतर गोष्टींबरोबर एक गोष्ट अशी निघाली की बारीकसारीक नियम पाळून घ्यायला तुम्ही ऑनरचा वापर करायलात, पोराला त्याच्या शब्दावर सोडायचं आणि त्याच शब्दाचा फास करून त्याला नियमात पकडायचं. असं केलं की पोराला दोन्ही गोष्टी एकच वाटायला लागतात आणि मग दोन्हींची किंमत जाते. बाहेर गेलेल्यांतले बरेच जण नंतर परत घेतले, आणि तोवर एकच शिक्षा होती, दोषी म्हणजे बाहेर, ती पण नंतर ढिली केली.

म्हटलं अरे बाबा, एवढ्या मोठ्या अकॅडमीनं जी चूक केली ती मी अंबाजोगाई रोडवर ५० रुपयांत केली.

दुसऱ्या दिवशी पोरीला तिचे ५० रुपये सगळ्यांसमोरच परत दिले. आणि सांगितलं, पट्टीवर बघून मी कुणाला दंड करणार नाही, कुणाला ओरडणार नाही, कुठं चाललीस ते पण पट्टीवरून विचारणार नाही. वहीतली सही, आठची वेळ, त्याचं जे काय होईल ते गेटवर होईल. पण पट्टी खोटी निघाली तर मी दंडबिंड काही करणार नाही, फक्त तुमच्या घरून फोन आला की मी सांगणार मला माहीत नाही, तिलाच विचारा. एवढंच. हा शेवटचा उपाय फार चालला, का ते घरून दिवसाला चार फोन येणाऱ्या पोरींनाच विचारा.

मैत्रिणीचं नाव सांगायचं कलम मात्र मी घातलं नाही. दादा म्हणतो त्याच्याशिवाय इमान अर्धं आहे, फौजेत शेजारचा खोटं बोलला तर उद्या गोळी तुला लागते. असेल, पण माझ्याकडं सतरा वर्षांच्या पोरी आहेत, घरापासून लांब, रात्री रडू आलं तर शेजारच्या कॉटवरची तेवढी जवळची. तिलाच चुगली करायला लावली तर खोलीत काय उरलं?

पट्ट्या हळूहळू परत हलायला लागल्या. गणपती येईपर्यंत बऱ्यापैकी खऱ्या होत्या. शंभर टक्के कधीच नाहीत, विसरतात, झोपेत निघतात, क्लासवरून येऊन ‘क्लास’वरच राहते. विसरणं आणि खोटं लावणं यातला फरक चेहऱ्यावर दिसतो.

आणि मग सप्टेंबरअखेरचा तो पाऊस. रात्री पावणेअकरा, मीटरच्या बोर्डात पाणी गेलं, फटफट आवाज, जिन्यात धूर, लाईट गेली. मिस्टरांनी मेन पाडला आणि मी ओरडत वर पळाले, सगळ्या खाली. अंधारात ३६ पोरी जिन्यावरून उतरताना कोण मोजणार, दादाचं फॉल इन कुठल्या कुठं. पण मोबाईलच्या उजेडात १२ पाट्या वाचायला मला दोन मिनिटं पण लागली नाहीत. चार गावी. एक बाहेर, तिचे मामा ॲडमिट होते, सही होती. उरल्या ३१. खाली अंगणात मोजल्या तर २८.

तिघींच्या पट्ट्या ‘आत’. दोन वेगवेगळ्या खोल्या. मिस्टर तोंडाला पंचा बांधून आत गेले, खोल्या उघड्या, कुणी नाही. बाथरूम बघितले, नाही. मला त्या मिनिटभरात वडिलांचं सगळं आठवलं, चार होते का पाच होते. आणि वरून आवाज, काकूऽऽ काय झालं? तिघी गच्चीवर. पावसात. पत्र्याखाली बसून बायोलॉजी पाठ करत होत्या, का मॅगी खात होत्या, ते मी अजून विचारलेलं नाही.

पट्टी खोटी होती का? नाही. गच्चीचा रकानाच नव्हता तर त्या काय लावणार, गच्ची म्हणजे ‘आत’च की. चूक माझ्या वहीच्या कागदावरची. धुरानं काही झालं नाही, वायरमननं दुसऱ्या दिवशी बोर्ड बदलून दिला, पण मी चौथ्या दिवशी रेडियमवाल्याकडं गेले.

आता वस्तू म्हणून तक्रारी. एक, उन्हात ॲक्रेलिक फुगतं, मार्चपासून पश्चिमेकडच्या चार खोल्यांच्या पट्ट्या अडकायलेत, दुपारी तर हलतच नाहीत, आणि जोर लावला की मधली पट्टी वाकते. त्यानं खाच थोडी घासून दिली, फुकट, पण मग डिसेंबरच्या थंडीत त्या ढिल्या पडतील ते वेगळंच. लातूरच्या उन्हाचा हिशोब आधीच करून खाच अर्धा मिलिमीटर जास्त ठेवायला सांगा आणि आत मखमलीची पातळ पट्टी लावून घ्या, त्यानं आपोआप सरकत पण नाही आणि अडकत पण नाही. दोन, पारदर्शक भागावर ओरखडे पडतात, ओल्या फडक्यानंच पुसा, आमच्या मावशींनी तारेच्या घासणीनं एक पाटी आंधळी करून टाकली. तीन, ‘बाहेर’ला त्यानं लाल रंग दिलता. तो पहिल्यांदा बदलून घ्या. लाल म्हटलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं आणि पोरी तिकडं पट्टी न्यायला कचरतात. आता सगळे रकाने एकाच निळ्यात आहेत. चार, अंधारात चमकणारं रेडियम मागितलं होतं, त्यानं साधं व्हिनाइल लावलं, त्या रात्री चमकणारं असतं तर मोबाईल पण लागला नसता. नवीन पाट्यांना बरोबर लावलंय.

कुणी घेऊ नये तेही सांगते. १५०-२०० पोरींचं होस्टेल असेल, वॉर्डन पगारी असेल आणि दर सहा महिन्याला बदलत असेल तर ५७६० वाया घालवू नका, मशीनच बरं. पट्टी सरकवणारीला माहीत असावं लागतं की वाचणारी कोण आहे. आणि काही पालकांना हे पटत नाही. एका वडिलांनी सरळ सांगितलं, काकू मला पाटी नको, खोलीत कॅमेरा लावा. मी नाही म्हटलं. त्यांनी मुलगी दुसरीकडं ठेवली, जाताना पोरगी स्वतःच्या नावाचा कागद पट्टीतून काढून घेऊन गेली.

येळवशीला मजा झाली. लातूरकडं वेळ अमावस्येला शहर ओस पडतं, सगळे शेतात. सकाळी वर गेले तर ३५ पट्ट्या ‘गावी’ आणि एक ‘आत’. देगलूरकडची पोरगी, टेस्ट सिरीज चालू म्हणून थांबलेली. मशीन असतं तर मला चार दिवसांनी कळलं असतं. चल म्हटलं, पट्टी ‘बाहेर’ कर, आणि औश्याला आमच्या शेतात नेलं, भज्जी-आंबिल खाऊन ज्वारीत झोपली ती संध्याकाळपर्यंत.

तर नवीन पाटी. सात रकाने केलेत : आत, खाली, गच्ची, क्लास, बाहेर, गावी आणि एक कोरा. कोऱ्याचं असं झालं की पोरींनी मागितला होता ‘झोपलेय’ असा रकाना, दुसऱ्या म्हणाल्या ‘अभ्यास चालूय उठवू नका’, यावरून दोन दिवस भांडणं, रेडियमवाला म्हणाला एवढं अक्षर बसत नाही, मी वैतागून म्हटलं तो कोराच ठेवा. आता नीट पंधरा-वीस दिवसांवर आलीय. संध्याकाळी वर गेले की दोनतीन पट्ट्या त्या कोऱ्या रकान्यात असतात. काय अर्थ लावलाय त्यांनी मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही, दार वाजवत नाही, तेवढं त्या नावाचं ताट झाकून ठेवते. बहुतेक वेळा दहाच्या पुढं येऊन जेवतात.

सात रकान्यांची ५६० ला पडली, जुन्या पाट्या परत घेऊन त्यानं प्रत्येकीला ८० कमी केले. पाटीला चार स्टार, एक उन्हाचा कापला. ऑर्डर द्यायची तर मेमध्येच द्या, जूनला शाळांच्या आणि क्लासेसच्या बोर्डांची गर्दी असते त्याच्याकडं, आणि मापं स्वतः घेऊन जा, तो फोनवर ऐकतो एक आणि कापतो दुसरं.